टेबल सॉ घेण्याआधी लाकडाची वाट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या मागच्या खोलीत किंवा पोर्चमध्ये स्वतःचं फर्निचर करू पाहणारे बरेच जण आता थेट टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) आणि राऊटर (लाकडात खाचा पाडणारं, कडा घडवणारं मशीन) घेतात. दुकानात बोलणं होतं ते वॅटचं आणि किमतीचं. खोलीत लाकूड फिरणार कसं, हे मात्र मशीन घरी उतरल्यावर सुचतं. म्हणून हे पत्र.

आठ बाय चारचा प्लाय लांबीत चिरायचा तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट लागतात. पातं धरून १७ फुटांचा हिशेब. दहा बाय बाराच्या खोलीत हे बसत नाही, आणि लहान मशीन घेतल्याने बसतही नाही, कारण जागा मशीनला नव्हे, फळीला लागते. उपाय दोन. पात्याची रेषा दारासमोर आणायची, म्हणजे लांब पट्टी दारातून बाहेर निघते. किंवा अख्खा प्लाय आत आणायचाच नाही. अंगणात थर्माकोलच्या जाड शीटवर तो पसरायचा, गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि तिच्या कडेने हातातल्या सर्क्युलर सॉने ५ मिमी माया ठेवून तुकडे करायचे. चार फुटांचा तुकडा बारा फुटी खोलीत सहज चिरला जातो. हाच मार्ग बरा. एकट्या माणसाने १८ मिमीचा अख्खा प्लाय टेबल सॉवर ढकलणं हे तसंही शहाणपणाचं नाही.

पैसे वाचवायला चार इंची कटर मशीन प्लायच्या तुकड्याखाली उलटं आवळून ‘टेबल सॉ’ करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यातला धोका नीट समजून घ्यावा. या कटरला पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरलेली फट मिटू न देणारा पत्रा, नसतो. चिरलेली फळी पात्यामागे मिटते किंवा फेन्सकडून (फळी सरळ सरकावी म्हणून पात्याला समांतर लावलेल्या पट्टीकडून) दाबली जाते, मागचे वर येणारे दात तिला उचलतात आणि ती थेट चालवणाऱ्याच्या पोटावर येते. हाच किकबॅक. त्यात बटण लॉक केलेलं आणि हाताच्या पटकन आवाक्यात नसलेलं. इथे मशीन महाग की स्वस्त हा मुद्दाच नाही.

चांगल्या मशीनचा नाइफही लोक काढून ठेवतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पातं असतं. नाइफ पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ हवा. मशीनबरोबरचं पातं बोथट झालं की बाजारातून पातळ चिरेचं पातं आणलं जातं, फळी नाइफवर अडते आणि नाइफ पेटीत जातो. पातं घेताना नाइफवर छापलेली जाडी सोबत न्या, भोक २५.४ मिमी की ३० तेही बघा, आणि पात्यावरची कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना, तेही. बल्लारशा-आलापल्लीकडचा साग चिरणाऱ्यांनी कार्बाइडचंच पातं घ्यावं. सागातली सिलिका साध्या पोलादाची धार पाहता पाहता खाते. लांबीत चिरायला २४ दात, प्लाय आणि सनमायकाला ६० किंवा ८०.

जुळवणी अशी करा. प्लग काढून एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणि मागे फिरवून मायटरच्या खाचेपासूनचं (आडवं कापताना कोनमापी ज्यात सरकते, त्या टेबलातल्या खाचेपासूनचं) अंतर मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. मग फेन्स खाचेला समांतर लावा. मागच्या टोकाला तो पात्यापासून केसभर लांब गेलेला चालेल, पात्याकडे झुकलेला अजिबात नको. प्लायच्या कडा जळत असतील तर बहुतेक दोष इथेच असतो, आणि लोक मात्र पातं बदलत बसतात.

आता राऊटर. लहान खोलीत त्याला वेगळं टेबल देऊ नका, सॉच्या टेबलात घ्या. कास्ट आयर्नच्या मोठ्या सॉला उजव्या पंखात तो छान बसतो आणि सॉचाच फेन्स कामी येतो. उचलून नेता येणाऱ्या जॉबसाइट सॉचा फेन्स मात्र रुळांसकट दातेरी पट्टीवर बाहेर सरकतो. तिथे उजवीकडे काही जोडलं की फेन्सच अडतो. अशा मशीनला मागच्या बाजूला वेगळ्या सांगाड्यावर टेबल करा, तेच चिरलेली फळी झेलेल आणि त्यातच राऊटर बसेल. हे टेबल सॉपेक्षा १ ते २ मिमी खाली हवं, नाहीतर फळीचं टोक अडतं आणि माणूस जोर लावतो. मायटरच्या खाचा त्यात पुढे कोरून घ्या. चिरताना बिट (राऊटरचं फिरतं कटर) पृष्ठभागाखाली गेलंच पाहिजे.

टेबलाला १८ मिमीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, आयएस ७१० शिक्का पाहून, आणि सनमायका दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने लावली तर आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेनंतर जुलैत ते टेबल पापडासारखं वाकतं. राऊटरच्या प्लेटला १० मिमीची हायलम (बेकलाइटसारखी कडक) शीट पुरते. ॲक्रिलिक वजनाने झोल खातं. भोक प्लेटपेक्षा चारही बाजूंनी १२ ते १५ मिमी लहान ठेवा, त्या ओठावर प्लेट बसेल, आणि कोपऱ्यांत चार ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) देऊन पातळी साधा. अर्धा इंची (अर्धा इंच दांड्याचं बिट घेणारा) राऊटर वजनदार असतो, काम नसताना काढून ठेवा. पाव इंची ट्रिमर, म्हणजे लहान राऊटर, कडा गोल करायला ठीक. दाराच्या पॅनेलचं मोठं बिट त्याला लावू नका. ५० मिमीच्या पुढच्या बिटाचा वेग १२,००० आरपीएमच्या आसपास. फेन्स बिटाच्या मागे, लाकूड उजवीकडून डावीकडे. बिट आणि फेन्सच्या मधून लाकूड कधीही घालू नका. ते हातातून ओढलं जातं आणि मागोमाग हात जातो.

वीज. १८०० वॅटची सॉ साधारण ८ ॲम्पिअर घेते, सुरू होताना कितीतरी जास्त. व्हॅक्यूम जोडला की १६ ॲम्पिअरच्या सर्किटची हद्द आलीच. मीटरपासून २.५ चौरस मिमी तांब्याची वेगळी वायर, सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) १६ ॲम्पिअर एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरोखर तपासलेलं अर्थिंग. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन रडतं आणि मोटर तापते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट नो-व्होल्ट स्विच. उन्हाळ्यात लाइट जाते, आपण पात्याजवळचा तुकडा काढायला वाकतो, लाइट येते आणि साधं बटण चालूच असल्याने पातं फिरू लागतं. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावला की लाइट आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन गप्प राहतं. मोठ्या मोटरवर जादा पैसे घालण्याआधी हा खर्च करा.

कूलरचंही बघा. खोलीभर भुसा उडाला की तो कूलरच्या गवतात आणि पंपात जातो, आणि ओलसर हवा कास्ट आयर्नचं टेबल गंजवते. कूलर पाठीमागे आणि सॉ खिडकीकडे ठेवली तर भुसा बाहेरच्या दिशेने जातो. टेबलावर मेण चोळा, सिलिकॉनचा स्प्रे नको. तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. सॉच्या पोटाखालचं उघडं अंग पत्र्याने बंद करून १०० मिमीचा पाइप काढा. घरगुती व्हॅक्यूमचा नळा राऊटरपुरता. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक मानला जातो, तेव्हा एफएफपी२ मास्क घाला. उन्हासाठी तोंडाला बांधतो तो दुपट्टा इथे मास्क नाही, उलट त्याचं सुटं टोक पात्यात जाऊ शकतं. हातमोज्यांचंही तेच.

निवासी भागात दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आहे आणि टेबल सॉचा आवाज ९० च्या वर जातो. चिरायचं काम सकाळी दहानंतर एकदम उरका, सँडिंग आणि जोडकाम संध्याकाळी. शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

लकडगंज आणि इतवारीतल्या विक्रेत्यांना विनंती, की मशीन दाखवताना नाइफ आणि गार्ड लावूनच दाखवा, आणि नो-व्होल्ट स्विच काउंटरवर ठेवा. ग्राहकाने किमतीआधी तेच विचारावं.

– घरगुती सुतारकाम करणारे काही जण, प्रतापनगर, नागपूर