आत्याचा अंगठा

प्रिय सुध्या,

दोन वर्षांत पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही स्वार्थापोटी. तब्येत ठीक. दादांची शुगर तशीच, गोड खाणंही तसंच.

वकिलीसाठीची बार कौन्सिलची परीक्षा पास झालो. 100 प्रश्न, 45 बरोबर आले की पास, आणि नुसती कलमं छापलेली कायद्याची पुस्तकं आत न्यायची मुभा. तू म्हणशील, पुस्तक उघडून लिहायचं तर नापास कोण होतो? कुठलं कलम कुठे आहे हे ठाऊक नसलेला होतो, गाढवा. सनद पक्की झाली, काम मात्र तेच. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांचे उतारे) चाळायचे, फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढायचे, ज्यांच्या हाताखाली आहे त्या वकील सरांसाठी सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी तपासल्याचे अहवाल, लिहायचे. जमिनीची वकिली कोर्टात कमी आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये शिंकत जास्त शिकतात.

तर आमची ओढ्याकाठची जमीन विकायचं ठरलंय. काकांनी गिऱ्हाईक आणलं. दादा म्हणाले, "घरात वकील असताना बाहेर पैसे कशाला? सर्च तुझ्या सरांकडेच देऊ." घरच्या जमिनीला मी हात लावायलाच नको होता. लावला. आजोबांच्या मागे झालेला 1991 चा फेरफार निघाला, 'बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला.' नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नाही, तलाठ्यापुढचा नुसता जबाब. त्याची नक्कल मागवली. खाली अंगठा. एका बाजूला फिसकटलेला, शेजारी कारकुनी अक्षरात 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'.

आत्याचा अंगठा, सुध्या! जिची अख्खी नोकरी फळ्यावर लिहिण्यात गेली, जी आपल्या डब्यावर 'झाकणासकट परत करणे' अशी चिठ्ठी चिकटवायची, तिचा! (झाकण तूच हरवलंस. तो वाद मिटलेला नाही.)

दादांना विचारलं, अंगठा कुणाचा? "तेव्हा असंच करायचे," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सरांना नक्कल दाखवली तर ते म्हणतात, "सर्च तीस वर्षांचा. 1995 च्या मागे कशाला जातोस?" चार वर्षांनी वाचलो बघ! कुणी विचारणारही नाही. पण फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात मला सरांनीच शिकवलं होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती राहू दे, बापाच्या हिश्श्यात मुलगी 1956 पासून वारस आहे. हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

तुझ्या घरी वाटणीत ताईच्या सहीवरून तू अडून बसला होतास, तेव्हा मी काय म्हणालो आठवतं? "देतात रे बहिणी सह्या, त्यात काय एवढं." चार महिने बोलला नाहीस. तू जरा जास्तच नाटक केलंस असं मला अजून वाटतं. पण तुझं बरोबर होतं. म्हणून हे तुलाच लिहितोय, घरात कुणाला सांगायची सोय नाही.

रिपोर्टचा कच्चा मसुदा दोनदा लिहिला. एकात तो फेरफार आहे, एकात नाही. दोन्ही टेबलाच्या खणात पडलेत आणि सर रोज विचारतात.

तुझी बदली झाली म्हणे. पोरीचे फोटो पाहिले, नाक वहिनींचं आलंय, देवाची कृपा.

पुढच्या महिन्यात दोन दिवस पुण्याला येतोस का? आत्याकडे जायचंय. गेल्या रविवारी एकटा गेलो होतो, नक्कल खिशात घालून. तिने धपाटे केले होते. चार खाल्ले आणि परत आलो.

तुझा,
नित्या