प्लेट एक फुटाची, राफ्ट चौदा मीटरचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘मातीची स्प्रिंग’ हा लेख काल पुन्हा वाचला. पहिल्या खेपेला वाटलं, चष्मा नसल्यामुळे काहीतरी भलतंच वाचलं. पण नाही! लेखकमहाशयांच्या मते साइटवर एकदा प्लेट टेस्ट केली (म्हणजे जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून, भार देऊन ती किती खचते ते पाहिलं) की मातीचा ‘के’, म्हणजे मातीला स्प्रिंग मानलं तर तिचा कडकपणा, हाती येतो, तो सॉफ्टवेअरमध्ये भरला की पायाचं काम झालं. मग मी 36 वर्षं काय भजी तळत होतो?

‘के’ म्हणजे दाब भागिले खचणं. तो जितका मातीवर, तितकाच पायाच्या रुंदीवर ठरतो. सॉइल मेकॅनिक्सचे जनक टर्झागी यांनी 1955 मध्येच हे बजावून ठेवलंय.

आमच्या वडाळ्याच्या इमारतीचंच घ्या. स्टिल्ट अधिक चार मजले. वर दीडेक मीटर मुरमाची भरणी, खाली खाडीचा काळा चिखल. टेस्ट घेतली भरणीवर, 30 सेंटिमीटरच्या प्लेटनं. एवढ्याशा प्लेटचा दाब जाऊन जाऊन अर्धा-पाऊण मीटर जाणार. म्हणजे तिनं मुरूमच पाहिला. राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा काँक्रीटचा सलग पाया, 14 मीटर रुंद, त्याचा दाब थेट चिखलात. पण ‘के’ प्लेटचाच, आणि सगळ्या राफ्टखाली एकच! बुकिंगच्या वेळी मी कन्सल्टंटला विचारलं, चिखलाचं काय? “काका, सेटलमेंट (खचणं) 6 मिलिमीटर येतंय, सॉफ्टवेअरमध्ये बसतंय.” बसलं खरं. आज लॉबी धुताना बाईनं बादली ओतली की पाणी गेटकडे न जाता लिफ्टकडे धावतं. राफ्टचं पोट खाली गेलंय, आणि चिखल अजून पाणी सोडत दबतोच आहे. कमिटी म्हणते, लाद्या बदलू.

माती म्हणजे सुट्या स्प्रिंगा, ही कल्पना इंजिनीअर विंकलरची, 1867 ची; तिच्यात या स्प्रिंगा एकमेकींना ओळखतच नाहीत. लोकलमध्ये चौथ्या सीटवर कोणी टेकलं की तिघांना सरकावं लागतं, खऱ्या मातीचंही तसंच. पण विंकलरची स्प्रिंग दबली तरी शेजारीण ढिम्म. त्यामुळे सारखा भार दिला की कागदावर राफ्ट सपाट खाली जातं, मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, शून्य. स्प्रिंगा वापरूच नयेत असं नाही, मीही आयुष्यभर वापरल्या. पण मधलं पोट खाली जातं हे कागदावर दिसावं म्हणून निदान कडेच्या स्प्रिंगा मधल्यांपेक्षा कडक धराव्यात, एवढी ओळ तरी लेखात हवी होती. तिथे जागा गेली क्रेनच्या फोटोला.

जाता जाता: ‘के’चं एकक आपण ‘किलोन्यूटन प्रति चौरस मीटर’ छापलंत. तो दाब झाला. इथे घनमीटर हवं. मागे एकदा हीच चूक कळवली, तेव्हा पत्र छापलंत, पण त्यात ‘घन’चं ‘धन’ झालं होतं. या वेळी प्रूफं तेवढी कोणीतरी बघावीत.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर, वडाळा