तळीराम आणि तुझा हवालदार

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचला, नाटकात परत हवालदारच दिला म्हणं, तीन एन्ट्र्या अन चार वाक्यं. फोनवर बोललो तर तू शिव्या घालून ठेवून देशील म्हणून निवांत लिहायलोय.

जयंत सावरकर म्हटलं तर तू म्हणशील कोण बाबा. पण फोटो दाखवला की लगेच, अरे हे तर 'सिंघम'मधले, 'वास्तव'मधले! माझंही तसंच होतं. एप्रिल २०१७ मध्ये आपल्या धाराशिवला (तवा उस्मानाबादच) ९७वं नाट्यसंमेलन झालं, अध्यक्ष हेच सावरकर, तू पुण्यात क्लास लावून बसलेला अन मी मांडवात पाण्याचे जार उचलायलो, ऊन असं की जार भरेपर्यंत पाणी कोमट. शेजारचे एक काका विचारायले, अध्यक्ष कोण हाय? म्हटलं ते काय, काटकुळे म्हातारे बसलेत ते. काका म्हणले, मग हिरो न्हाई का आला कुणी? मला हसू आलं, पण खरं सांगू का, मी पण दिवसभर सिरियलवाल्यांच्याच मागं सेल्फीला पळालो. अध्यक्षांकडं गेलोच नाही.

नंतर वाचत गेलो तवा कळालं माणूस काय होता. गुहागरचा जन्म, १९३६. मुंबईत आले अन नाटकात शिरले ते पडद्यामागून. सासरे कोण, तर मामा पेंडसे, म्हणजे घरातच एवढा मोठा नट! तरी ह्यांच्या वाट्याला बहुतेक बाजूचीच कामं, ती सुद्धा साठेक वर्षं, शंभरच्या वर नाटकं. आत्मचरित्राचं नाव काय ठेवलं बघ, 'मी एक छोटा माणूस'. मला आधी वाटलं उगी नम्रपणा असंल, पण तसं नाही रे, हिशोब मांडल्यासारखं साधं नाव आहे ते.

त्यांचा गाजलेला रोल 'एकच प्याला'तला तळीराम. आता गंमत बघ, गडकऱ्यांचं नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं, त्यात हिरो सुधाकर. पण ३१ डिसेंबरला पेपरात काय छापून येतं? 'तळीरामांवर कारवाई'! सुधाकरांवर कारवाई कधी वाचलंय का? आर्य मदिरामंडळ काढणारं हे बेणं, सुधाकरच्या हातात पहिला प्याला देणारं, अन शेवटी डॉक्टर-वैद्यांच्या भांडणात मरणारं. हसवायचं पण अन त्याची चीड पण यायला पाहिजे, नुसतं झोकांड्या खात फिरलं की गेलं सगळं नाटक पाण्यात. ते तुला जमंल का सांग? मला तर नाही.

सावरकर २४ जुलै २०२३ ला गेले, ८७ वर्षांचे होऊन. बातमी आली त्या रात्री मी संमेलनाचे फोटो शोधत बसलो. जुन्या मोबाईलसोबत सगळे गेलेत, अन असते तरी त्यात ते कुठं होते.

बरं, प्रयोगाची तारीख कळव. शनिवार असंल तर दुपारच्या लाल डब्यानं येतो, मुक्काम तुझ्याकडंच. अन त्या हवालदाराची टोपी मागच्या वेळी डोळ्यावर यायली होती, आतून कागद लाव जरा.

तुझा,
बंड्या