लॅबमधले वीस संगणक

विश्रामबाग, सांगली
७ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे तेही माझ्याच गरजेपोटी, याची मला लाज वाटते. माझी प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे जसे होते तसेच आहेत. आता मुद्द्याचे सांगतो, कारण हे सांगायला सांगलीत मला दुसरे कोणी नाही.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या आणि आमच्या महाविद्यालयाची संगणक लॅब सुट्टीसाठी बंद झाली. आत वीस नवे संगणक कापडाखाली झाकून पडलेले आणि किल्ली माझ्याकडे. मी कोणालाही न विचारता त्या विसांवर बॉइंक, म्हणजे विज्ञानाच्या गणिताचे तुकडे (वर्क युनिट) मागवून स्वयंसेवकांच्या संगणकावर सोडवणारा प्रोग्राम, बसवला, सगळे आइन्स्टाईन अॅट होम या आकाशातल्या नोंदी तपासणाऱ्या प्रकल्पाला जोडले आणि दाराला कुलूप लावून घरी आलो. चाळीस दिवस ते रात्रंदिवस गणित करत होते. रोज रात्री मी घरून आपल्या टीमच्या कामाचे आकडे पाहायचो आणि आपली दोघांची २००१ सालची ती खोली आठवून खुलायचो.

परवा मे महिन्याचे लाइटबिल आले. बंद लॅबच्या मीटरवर एवढी वीज कशी जळाली, असा प्रश्न प्राचार्यांच्या केबिनमध्ये निघाला आणि संशय थेट पहारेकरी मामांवर गेला. सुट्टीत पहारा त्यांचा, तेव्हा एसी लावून लॅबमध्ये झोपत असतील, असे सगळ्यांनी ठरवूनच टाकले. मामा एवढेच म्हणाले, "साहेब, मी ते दार उघडलंसुद्धा नाही." मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो आणि चहावर साय धरेपर्यंत त्या कपाकडे पाहत राहिलो. बोललो नाही. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत आणि आपण विद्यार्थी असताना पुराच्या पाण्यातून तुझी सायकल कोणी काढून आणली होती, ते तुला सांगायला नको.

घरी येऊन हिशेब मांडला. माझा संगणक रिकामा असताना आणि पूर्ण भाराने चालताना किती वीज ओढतो, ते मीटर लावून पाहिले, तर साठ वॅटचा फरक निघाला. तोच आकडा विसांना धरला तर दिवसाला सुमारे एकोणतीस युनिट आणि एकट्या मे महिन्यात जवळजवळ नऊशे; शिवाय ते संगणक एरवी बंदच असते, म्हणून खरी वीज त्याहून जास्तच. आपल्या खोलीत तू नेहमी विचारायचास, "तुझ्या एका वर्क युनिटला घरमालकांची किती युनिटं जातात?" तेव्हा मी चिडायचो. संगणक चालू आहेच, नुसता बसून राहण्यापेक्षा त्याने काम केले तर कोणाचे काय जाते, हा माझा ठरलेला जवाब असे. त्या काळच्या यंत्रांना तो बराचसा लागू होता, कारण ती रिकामी असली तरी तापतच असत. आजचा प्रोसेसर काम नसले की झोपतो. त्याला जागे ठेवण्याची किंमत कोणीतरी भरतच असते आणि या वेळी ती मी मामांच्या नावावर टाकली.

आपले भांडणही आठवते. मी सेटीवाला, म्हणजे परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाचा; तू नव्या मोठ्या अविभाज्य संख्या शोधणाऱ्यांतला. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या १०७ सेकंदांच्या एका तुकड्यासाठी आपला पेंटियम दिवस-रात्र राबायचा आणि तो तुकडा परत पाठवताना फोनची लाइन तुटली की मी जेवायचो नाही. तुझ्या संख्या कोणाच्या पोटाला भाकरी देतात, असे मी विचारले तर तू म्हणालास, "तुझे परग्रहवासी तरी कुठे डबा पाठवतात?" २०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्या लोकांना चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची अविभाज्य संख्या सापडली, तेव्हा मी फोन करायला हवा होता. राहून गेला. आमच्या सेटीने तर ३१ मार्च २०२० ला काम वाटणेच थांबवले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीण कोसळली. त्या रात्री फोनवर आपण दोघेही किती वेळ गप्प होतो.

तरीही या कामावरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. २०१० साली याच आइन्स्टाईन अॅट होममध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकांनी अरेसिबोच्याच नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा पल्सार, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, शोधून काढला. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांमधून अखंड येणाऱ्या गुरुत्वीय लहरी अजून कोणाला सापडलेल्या नाहीत आणि त्या ज्या नोंदींत दडलेल्या असतील, त्यांचा एखादा तुकडा आपल्या सांगलीत तपासला जावा, असे मला आजही मनापासून वाटते. पण संगणक स्वतःचा असावा किंवा मालकाची परवानगी असावी, हे बॉइंकच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि तू मला ते एकदा मोठ्याने वाचूनही दाखवले होतेस.

काल लॅब उघडली. आत भट्टी झाली होती. खिडकीकडचा एक संगणक बंद पडलेला दिसला, म्हणून त्याचे झाकण काढले, तर पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा धुळीचा थर होता आणि त्याला हळदीची पिवळी झाक होती. हंगामात मार्केट यार्डाकडून येणारी धूळ चाळीस दिवस त्या पंख्याने आत ओढली होती. बोटाने थर काढला, पंखा फिरवून पाहिला, तो अडकत होता. त्याचीही भरपाई मलाच करायची आहे. उरलेल्या एकोणीस संगणकांवरचे अर्धवट तुकडे मी रद्द केले, म्हणजे मुदत संपण्याची वाट न पाहता ते दुसऱ्या कोणाकडे लगेच जातील. एकाचे ब्याण्णव टक्के काम झाले होते. तिथे माझा हात थांबला, हे तुलाच कळेल.

उद्या अकरा वाजता प्राचार्यांकडे जातो आहे आणि मामांना मुद्दाम बरोबर नेणार आहे. बिलाचे पैसे पाकिटात घालून ठेवले आहेत. नोकरीवर काय परिणाम होईल, याची धास्ती आहेच, पण मामा आज सकाळी मला पाहून नेहमीसारखे हसले, ते जास्त लागले. त्या चाळीस दिवसांच्या कामाचे क्रेडिट, म्हणजे गुण, मात्र आपल्या टीमच्या खात्यावर तसेच दिसते आहे. ते राहू द्यावे की मी टीममधून बाहेर पडावे, हे तू सांग. टीम तुझीही आहे.

नव्या घराचे रंगकाम झाले का? वहिनींच्या बदलीचे काय ठरले? मुलीला बारावीला चांगले गुण पडल्याचे कळले, तिला माझा आशीर्वाद सांग. गणपतीला या, आई विचारत असते.

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरचा संगणक चालू आहे, पंखा कालच साफ केला. तो माझ्या मीटरवर आहे.

तुझा,
रूमपार्टनर