डोळ्यातला जंत आणि घाईने घेतलेली गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वळवळणारा जंत डॉक्टर चिमट्याने ओढून काढतात, अशा चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. त्या पाहून जंताची एक गोळी घेतली की असला जंत मरून जाईल, असा समज पसरतो. तो धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

जंत कोणता आणि नेमका कुठे, यावर सगळा उपचार ठरतो. डासामार्फत कुत्र्याकडून येणारा डायरोफिलेरिया बहुधा एकटाच असतो. पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली तो दिसला, तर भुलीचे थेंब टाकून, पडद्याला छोटा छेद देऊन अख्खा काढतात. पुढे सहसा औषधही लागत नाही. मात्र तो काही मिनिटांत खोल सरकून दिसेनासा होऊ शकतो. म्हणून दिसताच मोबाइलवर फोटो काढावा, डोळा चोळू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काढलेला जंत कापसात गुंडाळून फेकू नये. ७० टक्के अल्कोहोलमध्ये तो टिकतो आणि त्याची जात ओळखता येते.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतला लोआ लोआ डोळ्यात अगदी असाच दिसतो, पण तिथे एक जंत काढून भागत नाही. बाकीचे जंत शरीरात असतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले दिवसा रक्तात उतरतात, म्हणून रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळात घ्यावे लागते. एक मिलिलिटर रक्तात ती ३०,००० च्या वर असताना आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध दिले, तर मेंदूला सूज येऊन रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो. मोजणी आधी, गोळी नंतर. आफ्रिकेतला मुक्काम जुना असला तरी डॉक्टरांना सांगावा. हा जंत दहा वर्षांहून जास्त जगतो.

पट्टकृमीच्या, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या चपट्या जंताच्या, अळीचे दुखणे आणखी फसवे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवाटे आणि कच्च्या भाजीवाटे पोटात जातात. त्यामुळे डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्यालाही ते होते. सोनोग्राफीत गोल पिशवी आणि तिच्यात एक ठळक ठिपका दिसतो, तो अळीच्या डोक्याचा. पिशवी डोळा हलवणाऱ्या स्नायूत असेल तर दाह रोखणाऱ्या स्टेरॉइडसोबत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात. तीच डोळ्याच्या आत असेल तर आधी शस्त्रक्रिया. आत मेलेल्या अळीमुळे इतका दाह होतो की दृष्टी जाऊ शकते, आणि हे घडवायला घरी घेतलेली गोळी पुरते.

लहान मुलाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरट दिसली तर जंत असेल म्हणून थांबू नये. कुत्र्याच्या जंतामुळे तसे होते, तसेच डोळ्याच्या कर्करोगामुळेही होते.

अशी बातमी छापताना जंताची जात आणि त्याची जागा जरूर द्यावी, ही विनंती.

आपले,
नेत्रतज्ज्ञ