फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूरच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. जात-उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डातली दुरुस्ती, पोरांची शिष्यवृत्ती, शेताचा उतारा, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे का अडकले याची चौकशी, अशा कामांसाठी नंदगड, जांबोटी, कणकुंबीकडची माणसं येतात. या पत्रात मला त्या कामांविषयी लिहायचं आहे, जी लोकांनी माझ्यावर किंवा माझ्यासारख्या कुठल्याही दुकानदारावर सोपवू नयेत.

दुकानात आलेला माणूस आधी खिशातून फोन काढतो, लॉक उघडतो आणि फोन काउंटरवर माझ्यापुढे सरकवतो. "काय आलंय बघा की, कानडीत हाय." मेसेज कधी कानडीत असतो, कधी इंग्रजीत. मराठी शाळेत शिकून शेतीत गेलेल्या साठीच्या माणसाला दोन्ही वाचायला जड जातं. मग तो फोन नातवाकडे जातो, माझ्याकडे येतो, बँकेबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी पोराकडेही जातो. त्या फोनमध्ये बँकेचं खातं असतं, आधारला जोडलेला नंबर असतो, घरातल्या बायकामुलांचे फोटो असतात. एक मेसेज वाचून घेण्यासाठी हे सगळं परक्याच्या हातात द्यायची गरज आता उरलेली नाही. आपल्या सीमाभागात तर ही गोष्ट घराघरात कळायला हवी.

गुगल ट्रान्सलेट हे ॲप फुकट आहे. ते उघडून एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी निवडायचं. मेसेजवर बोट दाबून धरलं की कॉपी करता येतो, तो तिथे चिकटवायचा. खाली मराठी येतं, आणि स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की फोन ते मोठ्याने वाचूनही दाखवतो. अक्षरं बारीक दिसणाऱ्या आजीलाही मग कुणाची वाट बघावी लागत नाही. कागद असेल, म्हणजे पंचायतीची नोटीस, वीजबिल, दवाखान्याची चिठ्ठी, तर त्याच ॲपमधला कॅमेरा छापील मजकुरावर धरायचा. कानडी अक्षरांच्या जागी मराठी दिसू लागतं. डॉक्टरांच्या हस्ताक्षरापुढे मात्र तो कॅमेराही हात टेकतो, आणि औषधाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबूही नये.

परवा एका शेतकरी काकांनी आपला उतारा माझ्या टेबलावर ठेवून स्वतःच त्यावर कॅमेरा धरला. आरटीसीच्या, म्हणजे आपल्याकडच्या या उताऱ्याच्या, नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि अकराव्यात कर्जबोजा, एवढं त्यांना ठाऊक होतं. सोसायटीचं कर्ज फेडून झालं होतं, तरी अकराव्या रकान्यात बोजा तसाच होता. तो त्यांनी स्वतः वाचला, स्वतः बोट ठेवून दाखवला आणि लगेच तलाठ्याकडे गेले. नावांच्या भाषांतरात हे ॲप गडबड करतं. आडनावाचा अर्थ लावून भलतंच काही लिहितं. त्यामुळे खरेदीखत, कोर्टाची नोटीस, वाटणीपत्र असलं काही असेल तर कानडी जाणणाऱ्या भरवशाच्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नये. पण कागद कशाबद्दल आहे, तारीख कोणती आहे, किती रुपये लिहिलेत, एवढं घरबसल्या नक्की कळतं.

याच्याच जोडीला फोनची भाषा बदलून घ्यावी. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या जागेत 'लँग्वेज' एवढं लिहिलं की जागा सापडते. तिथे मराठी जोडून ती सगळ्यांत वर ओढायची. फोन-पे आणि गुगल-पे यांच्यातही मराठी आहे. 'पैसे पाठवा' आणि 'पैसे मिळाले' हे आपल्या भाषेत डोळ्यांसमोर असलं की चुकीचं बटण दाबलं जाण्याची भीती बरीच कमी होते. यूपीआयचा पिन फक्त पैसे आपल्या खात्यातून जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं जो म्हणेल तो पैसे काढून घ्यायलाच बसला आहे, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात 'डाउनलोड्स' नावाचा फोल्डर असतो. प्रिंटसाठी आलेली प्रत्येक फाइल आपोआप त्यात जाऊन पडते. रोजच्या रोज साफ केला नाही तर आठवड्यात त्यात अख्ख्या तालुक्याचं दप्तर जमतं. आधार कार्डं, एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्क्स कार्डं, बँकेची पासबुकं, पासपोर्ट साइजचे फोटो. गिऱ्हाईक प्रिंट घेऊन निघून जातं आणि फाइल मागे राहते. मी संध्याकाळी दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करते. पण सगळीकडे तसं होतच असेल, असं गिऱ्हाइकाने धरून चालू नये.

बऱ्याच जणांना वाटतं, ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, म्हणजे ती सुरक्षित आहे. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. तुमचं नाव आणि साल ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ते कुलूप उघडंच आहे, आणि फाइल उघडायला म्हणून हा पासवर्ड काउंटरवर सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितला जातो. प्रिंट हातात पडली की दुकानदाराला म्हणा, "माझ्यासमोर डिलीट करा." फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट ही बटणं एकत्र दाबली की ती रीसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते. व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तिथूनही काढायला लावा. चांगला दुकानदार यात अपमान मानणार नाही. आणि जिथे पूर्ण नंबराची गरज नाही तिथे मास्क केलेलं आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून डाउनलोड करताना तसा पर्याय असतो, त्यावर नुसती खूण करायची.

दुसरी सवय त्याहून वाईट आहे. फाइल पाठवायला वेळ नको म्हणून लोक दुकानाच्या संगणकावर क्यूआर कोड स्कॅन करून आपलं व्हॉट्सॲप उघडतात, प्रिंट घेतात आणि तसेच निघून जातात. तुमचं व्हॉट्सॲप तिथे चालूच राहतं. हे पत्र वाचून झाल्यावर एवढं जरूर बघा. व्हॉट्सॲपमध्ये कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, 'लिंक्ड डिव्हायसेस' किंवा मराठीत त्या अर्थाचं जे लिहिलं असेल ते उघडा. तिथे ओळखीचा नसलेला एखादा संगणक दिसला तर त्यावर बोट ठेवून लॉग-आउट करा. तसंच सेटिंग्जमध्ये 'अकाउंट'खाली 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी ओटीपी काढून घेतला तरी तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर चालू करता येत नाही.

विद्यार्थी आणि त्यांच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, ईमेल दुकानात बनवू नका. दहावीनंतर पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, प्रवेश, सीईटी, शिष्यवृत्ती, पुढे नोकरीचे अर्ज, सगळं त्या एका ईमेलवर येतं. घाईच्या दिवसांत काही ठिकाणी दुकानदार आपल्याच नंबरावर ईमेल उघडून देतात आणि सगळ्यांना एकच ठरलेला पासवर्ड देतात. दोन वर्षांनी पोरीला पासवर्ड आठवत नाही, ओटीपी भलत्याच नंबरावर जातो आणि अर्जाची तारीख उलटून जाते. रडवेल्या चेहऱ्याच्या अशा मुली माझ्या दुकानात येऊन बसतात आणि मलाही काही करता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. ईमेल आपल्या किंवा आईच्या फोनवर बनवावा, त्याला आपलाच नंबर जोडावा. पासवर्डात जन्मसाल नको, केए-२२ ने सुरू होणारा गाडीचा नंबरही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि मध्ये एखादा आकडा घाला. असा लांब पासवर्ड तोडणं अवघड आणि लक्षात ठेवणं सोपं असतं. तो वहीत लिहून घरच्या ट्रंकेत ठेवलात तरी हरकत नाही. दुकानाच्या रजिस्टरपेक्षा ती जागा केव्हाही चांगली. आणि वापरात नसलेलं खातं गुगल दोन वर्षांनी काढून टाकू शकतं, म्हणून मधून मधून ते उघडत राहावं.

कागद सांभाळायचे तर डिजिलॉकर आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ते सुरू केलं. गाडीचं लायसन्स, आरसी, मार्क्स कार्ड ज्या त्या खात्याकडून थेट त्यात येतात आणि फोनवर दाखवले तरी चालतात. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हर पोरांनी तर हे करून ठेवावंच.

फसवणुकीच्या फोनांविषयी आपल्या वृत्तपत्रात वरचेवर छापून येतं. तरी लिहिते, कारण आपल्या तालुक्यातल्या एका वृद्ध दाम्पत्याचा २०२५ मध्ये फोनवरच्या अटकेच्या धमक्यांपायी गेलेला जीव मला विसरता येत नाही. 'डिजिटल अटक' असला कुठलाही प्रकार कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायाधीश कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला सांगत नाही. असा फोन आला तर कापायचा आणि तडक शेजारी जाऊन सांगायचं. "कुणाला सांगू नका" हे वाक्य ऐकलं की तिथेच ओळखावं. सज्जन, अब्रूला जपणारी म्हातारी माणसंच यात गप्प राहतात आणि एकटी पडतात. म्हणून घरातल्या तरुणांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावं, की असं काही झालं तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

"आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर फोन करा" हा मेसेज हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, नावाने येतो. बिल भरलं आहे की नाही ते हेस्कॉमच्या कार्यालयात किंवा पावतीवर बघा, त्या नंबरावर फोन करू नका. लग्नपत्रिका, गाडीचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच नाही. ते ॲप असतं, आणि एकदा आत शिरलं की तुमचे ओटीपी परस्पर वाचतं. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, कारण त्या बिचाऱ्याचाही फोन गेलेला असू शकतो. कुरिअर अडकलंय म्हणत कुणी स्टार-चारशे एक-स्टार आणि पुढे नंबर दाबायला लावला तर दाबू नका. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता तसे झाले आहेत.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर सकाळची वाट बघू नका. १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लगेच फिरवा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकवले जातात आणि मग कुठल्या तरी एटीएममधून काढले जातात. तक्रार लवकर पोचली तर मधल्याच एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम मेसेजमध्ये असते, ती वाचून सांगायची. लाजेपायी दोन दिवस घरात बसलं की ही संधी जाते.

मराठीत लिहिण्याबद्दलही थोडं. पंचायतीला अर्ज द्यायचा, मंडळाची पत्रिका करायची म्हणून लोक अजून जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली घेऊन येतात. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की त्यात नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये असला की तो कुठेही तसाच दिसतो. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की विंडोज आणि स्पेस ही दोन बटणं एकत्र दाबून भाषा बदलता येते, आणि फोनेटिक कीबोर्ड घेतला तर इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटतं. फोनवर तर कीबोर्डवरच्या माइकवर बोट ठेवून बोललं तरी चालतं. हे पत्रही मी अर्धं बोलूनच लिहिलं आहे, काना-मात्रा मागाहून तपासल्या.

शेवटी दोन विनंत्या. आपल्या गावोगावच्या ग्रामपंचायत वाचनालयांना आता 'अरिवु केंद्र' म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी तिथे संगणकही आहेत. पंचायत सदस्यांनी आणि महिला संघांनी मिळून तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ फोन शिकवण्यासाठी ठेवावी. पीयूसीची मुलं शिकवायला पुरेशी आहेत. दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी मीही येईन, मानधन नको. आणि आपल्या दैनिकाने १९३० हा नंबर रोज पहिल्या पानावर, मथळ्याशेजारी, ठळक छापावा. खेड्यात पेपर आठवडाभर घरात असतो आणि हातोहाती फिरतो, त्यामुळे वेळेला तो नंबर शोधत बसावं लागणार नाही.

आपली,
एक वाचक
खानापूर, जि. बेळगाव