जुनी यंत्रं विकताना संच फोडू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर अधूनमधून 'जुने लेथ मशीन विकणे आहे, चालू स्थितीत' अशी एखादी ओळ दिसते. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून हत्याराने त्याला आकार देणारं यंत्र. अशीच एक ओळ मीही लिहिली होती. त्या ओळीत काय राहून गेलं हे कळेपर्यंत माझ्या वडिलांचा एक पत्र्याचा डबा हातचा गेला होता. घरातलं वर्कशॉप आवरायची वेळ माझ्यासारखी आणखी कोणावर आली असेल, तर त्यांच्यासाठी हे पत्र.

बाबा गेल्यावर घरामागच्या खोलीतली त्यांची यंत्रं विकायचं काम माझ्याकडे आलं. एक लेथ, एक छोटं शेपर (धातू सपाट तासणारं यंत्र), बेंच ड्रिल, ग्राइंडर, आणि भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं. साधं टर्निंग (तुकड्याचा व्यास कमी करणं) आणि फेसिंग (त्याचं टोक सपाट करणं) बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. आटे पाडायचं शिकायचं राहिलं, आणि तेवढ्याच अज्ञानामुळे पुढचा घोळ झाला.

लेथ साउथ बेंडचं, नऊ इंची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड गावी जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली ही कंपनी काढली. नऊ इंची म्हणजे बेडवर, यंत्राच्या खालच्या लांब लोखंडी पायावर, साधारण नऊ इंच व्यासाचा जॉब (घडवायचा तुकडा) फिरू शकतो; यालाच स्विंग म्हणतात. आमचं मॉडेल 'सी', म्हणजे त्याला गिअरबॉक्स नाही. कुठले आटे पाडायचे ते ठरवायचं, त्याप्रमाणे हेडस्टॉकच्या (जॉब फिरवणाऱ्या भागाच्या) डाव्या अंगाचे सुटे गिअर हाताने काढायचे आणि दुसरे चढवायचे. हे सुटे गिअर, म्हणजे चेंज गिअर, बाबांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. आवरायच्या पहिल्याच दिवशी तो तेलकट डबा मी वाकड्या पाइपांबरोबर आणि एका जळलेल्या मोटरबरोबर भंगारात दिला.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ लेथ बघायला आले, स्वतःचा डायल इंडिकेटर (बारीक फरक मोजायचं साधन) घेऊन. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. गिअरांवरचं झाकण उघडलं आणि विचारलं, "ताई, चेंज गिअर कुठे आहेत? एकशे सत्तावीसचा आहे ना?"

त्या आकड्यामागचं गणित त्यांनी मला तिथेच खडूने फरशीवर मांडून दाखवलं. लेथचा लीड स्क्रू (हत्यार सरकवणारा लांब आटेदार दांडा) इंचाच्या मापाचा, एका इंचात आठ आटे. म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) ३.१७५ मिलिमीटर सरकते. त्यावर एक मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे पाडायचे, तर स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) १२७ फेऱ्यांमागे लीड स्क्रूचे ४० फेरे हवेत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या आहे, तिचे भाग पडत नाहीत, म्हणून कितीही छोटे गिअर जोडले तरी हे प्रमाण तंतोतंत जुळवता येत नाही. १२७ दातांचा गिअरच लागतो. ६३ दातांचा वापरून जवळ जाता येतं, ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवं असतं १२७ भागिले १००, म्हणजे १.२७. छोट्या बोल्टला ते चालून जातं. मीटरभर लांब स्क्रू कापायचा तर शेवटाला मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी चूक साठलेली असते.

डबा नसल्यामुळे ते गृहस्थ परत गेले. त्यांना मेट्रिक आटेच पाडायचे होते.

मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेले. त्याने मला ढिगात शोधू दिलं, वर स्वतःही शोधायला बसला, हे त्याचे उपकार. बरेचसे गिअर मिळाले. कित्येकांवर दातांचा आकडा ठोकलेला होता; ज्यांच्यावरचा पुसला गेला होता, त्यांच्या एका दातावर खडूची खूण करून मी दात मोजले. सगळ्यांत मोठा होता तोच मिळाला नाही. लोखंडाची एक खेप आदल्या दिवशी पुढे गेली होती.

मधल्या काळात एक व्यापारीही येऊन गेला. त्याचं म्हणणं, चक (जबड्यांनी, म्हणजे जॉंनी, जॉब पकडणारा भाग), फेसप्लेट (जॉब बांधायची सपाट चकती), टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार) आणि स्टेडी (मधला आधार) तो वेगळं नेईल आणि उरलेलं बीड (ओतीव लोखंड) मी वजनावर काढावं. सुटं विकून पैसे जास्त होतात, हे खरं आहे. मी नंतर हिशेब करून पाहिला. एखाद्या लेथचं हेडस्टॉक तडकलं असेल किंवा बेड फुटला असेल, तर त्याचे भाग सुटे विकण्याच्या मी विरोधात नाही, त्यातून दुसरी चार जुनी यंत्रं पुन्हा चालू होतात. पण धडधाकट लेथ असं तोडू नये. आमच्या लेथचा चक ज्या बॅकप्लेटवर (मागच्या चकतीवर) बसवलेला आहे, ती बॅकप्लेट बाबांनी त्याच स्पिंडलवर चढवून तिथल्या तिथे फेस केली होती. दुसऱ्या लेथवर गेली की ती पुन्हा टर्न करावी लागणार. टेलस्टॉकचं सेंटर (टोकदार आधार) त्या बेडवर, त्या हेडस्टॉकशी जुळवलेलं असतं. वर्षानुवर्षांची ही जुळणी एका दुपारी पान्याने सुटते आणि पुन्हा बसवायला आठवडे लागतात.

आता झिजेबद्दल. पहिल्या गृहस्थांनी जाताजाता मला ती तपासायला शिकवलं, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. लेथवरचं बहुतेक काम चकच्या जवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. कॅरेजचं लॉक चकजवळ एवढंच आवळायचं की कॅरेज जेमतेम सरकेल, मग ती टेलस्टॉककडे न्यायची. वाटेत जिथे अडकायला लागेल, तिथून पुढे बेड कमी झिजलेला आहे. आमची कॅरेज दोनतृतीयांश अंतरावर घट्ट झाली. नंतर मी एक जाड सळई चकमध्ये धरली, टेलस्टॉकचा आधार न देता दोन टोकांना हलका कट घेतला, मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजले आणि फरक लिहून ठेवला. क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल उलट फिरवलं तर जवळजवळ पाव फेरा मोकळा जात होता; याला बॅकलॅश म्हणतात. त्याची नट बदलून भागतं, बेडची झीज मात्र ग्राइंडिंग किंवा स्क्रेपिंगशिवाय (हाताने खरवडून सपाट केल्याशिवाय) जात नाही. म्हणून या दोन गोष्टी घेणाऱ्याला वेगवेगळ्या सांगायला हव्यात. झीज असली म्हणून कोणी यंत्र नाकारलं नाही. लपवली असती तर मात्र पहिलाच जॉब लावल्यावर घेणाऱ्याला ती दिसली असती.

विकायच्या आधी यंत्र चकचकीत करायचा मोह होतो. कृपा करून बेडवर एमरी पेपर फिरवू नका. त्याची पूड कॅरेजखाली जाऊन बसते, आणि स्क्रेपिंगच्या बारीक खुणा, ज्यात तेल धरून राहतं, त्या जातात. रॉकेल, चिंधी आणि हात, एवढंच पुरे. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. बरेच दिवस बंद असलेलं लेथ थेट स्विच दाबून दाखवू नका. आमच्या लेथच्या स्पिंडलला खालून फेल्टच्या वाती तेल पुरवतात. त्या सुकल्या होत्या. दोन दिवस तेल घालत, पट्टा हाताने फिरवत मी त्या भिजवल्या, मग मोटर लावली.

एक गोष्ट मी प्रत्येक घेणाऱ्याला सांगितली, ओळखीचा असो वा नसो. या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. स्पिंडल उलटं फिरवून कट घेतला किंवा झटक्याने थांबवलं तर चक सुटून येऊ शकतो. पट्ट्याला संरक्षक जाळी नाही. हातमोजे घालून, सैल बाहीने किंवा मोकळ्या केसांनी जवळ जायचं नाही. बाबांच्या खोलीत हा नियम मला आठवीत असल्यापासून होता. ज्याला तो कोणी सांगितलेला नाही, त्याच्या हाती यंत्र देऊन गप्प राहणं मला जमलं नसतं.

पुढच्या वेळी मी जाहिरात अशी लिहिली:

'साउथ बेंड लेथ, मॉडेल सी. स्विंग ९ इंच. लीड स्क्रू इंचाला ८ आटे. तीन जॉ आणि चार जॉ चक, फेसप्लेट, स्टेडी, दोन सेंटर, चेंज गिअर सोबत. बेड चकजवळ झिजलेला आहे, मोजमाप दाखवू. क्रॉस स्लाइडमध्ये बॅकलॅश आहे. चालवून बघता येईल. संच फोडून विकणार नाही. १२७ दातांचा गिअर नाही.'

आठ दिवसांत तिघेजण आले, तिघेही सगळं वाचून आलेले. एका तरुण जोडप्याने लेथ नेलं. चक आणि टेलस्टॉक उतरवून, कॅरेज टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन, बेडखाली लाकडी ओंडके देऊन ते गाडीत चढवलं. मोटर आणि हेडस्टॉक यांचं वजन एका बाजूला आणि उंचावर असतं, लेथ कलंडतं ते याचमुळे. त्या मुलीने गिअरांचा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला.

संपादक महोदय, एक विनंती आहे. यंत्रांच्या जाहिरातींत शब्दमर्यादा थोडी सैल ठेवता आली तर पाहा. सोबत काय काय आहे आणि काय झिजलं आहे, हे पहिल्या ओळीत मावत नाही, आणि जागा कमी पडली की आधी तेच गाळलं जातं. आमचं शेपर अजून विकायचं आहे, व्हाइस आणि टूल होल्डरसकट. त्याची जाहिरात मी पुढच्या आठवड्यात पाठवते आहे, ती सात ओळींची आहे.

आपली,
एक वाचक